तीन दरपत्रकांची खरेदी: तालुक्याच्या दुकानदाराचं सरकारी बिल कुठे अडतं आणि ते अडू नये म्हणून काय करावं

ग्रामपंचायतीला शाळेसाठी डेस्क हवेत, आश्रमशाळेला स्वयंपाकाची भांडी, प्राथमिक आरोग्य केंद्राला दोन कपाटं आणि इन्व्हर्टरची बॅटरी. दारव्हा असो, सिंदेवाही असो की धारणी, बाजारपेठेतला दुकानदार अशी ऑर्डर आनंदाने घेतो, माल पोचवतो आणि पुढे सहा महिने बिलासाठी पंचायत समितीच्या चकरा मारतो. पैसा कुणी मुद्दाम दाबून ठेवला असंच दर वेळी नसतं. पुष्कळदा फाईलमध्ये एक तारीख उलटी पडलेली असते, एक नाव जुळत नसतं किंवा ऑर्डरच लेखी नसते. माल गाडीत भरण्याआधी हे तिन्ही दुरुस्त होतं, नंतर जवळजवळ कधीच होत नाही. म्हणून हे सगळं लिहिण्याचा खटाटोप.

लेखी आदेशाशिवाय माल हलवू नका

"सचिव साहेबांनी सांगितलं, माल टाकून द्या, कागद नंतर करू." या एका वाक्यावर खेड्यापाड्यातले जितके दुकानदार बुडाले तितके उधारीवर बुडाले नसतील. सरकारी पैशातून खर्च व्हायचा तर आधी मंजुरी, मग आदेश, मग पुरवठा असाच क्रम लागतो. माल आधी आला आणि मंजुरी नंतर मिळाली, तर अधिकाऱ्याला ते 'कार्योत्तर मंजुरी'त बसवावं लागतं. त्यावर सही करायला नवा अधिकारी सहसा तयार होत नाही. सांगणारा सचिव बदलून जातो, सरपंच बदलतो आणि तुमच्या हातात फक्त चालान उरतं.

राज्य सरकारच्या कार्यालयांची खरेदी उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातल्या नियमपुस्तिकेप्रमाणे चालते. ढोबळ पायऱ्या तीन. अगदी किरकोळ रकमेची खरेदी दरपत्रकाशिवाय, त्यावरची किमान तीन दरपत्रकं मागवून आणि मोठी रक्कम ई-निविदेने. या पायऱ्यांच्या रकमा नंतरच्या शासन निर्णयांनी बदलत आल्या आहेत. म्हणून जुन्या माणसाने सांगितलेला आकडा धरून चालू नका. खरेदी कोणत्या पद्धतीने होते आहे ते चौकशी पत्रात, म्हणजे कार्यालय दर मागवतं त्या पत्रात, लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा.

मर्यादेत बसवण्यासाठी एकाच मालाचे दोन-तीन आदेश काढणं, म्हणजे खरेदीचे तुकडे पाडणं, नियमात बसत नाही. "आज बारा डेस्क, पुढच्या आठवड्यात बारा" असा प्रस्ताव आला तर मोह आवरा. स्थानिक निधी लेखापरीक्षेत हा आक्षेप हमखास निघतो. वसुली अधिकाऱ्यावर लागते, पण तोवर शेवटचं बिल तुमचंच अडलेलं असतं.

एकच नाव, सगळीकडे

दुकानाच्या पाटीवर 'ट्रेडर्स', बँकेच्या पासबुकावर 'ट्रेडिंग कंपनी', जीएसटीवर मालकाचं नाव आणि पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. दुकान चालवताना याने काही बिघडत नाही. पण सरकारी पेमेंट आता थेट खात्यात जातं, आणि पुरवठादाराची नोंद करताना नाव, खातं आणि आयएफएससी तपासले जातात. तिथे फरक दिसला की पेमेंट परत फिरतं. परत आलेला पैसा पुन्हा पाठवायला नवी फाईल लागते, नव्या सह्या लागतात.

एक मोठा लिफाफा करून त्यात हे कागद ठेवा, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स स्वतःच्या सही-शिक्क्यासह:

– पॅन कार्ड (मालकाचं, भागीदारी असेल तर फर्मचं)
– जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, तिन्ही पानं, कारण व्यवसायाचं ठिकाण आणि मालकाचा तपशील पुढच्या पानांवर असतो
– शॉप ॲक्टची नोंदणी किंवा सूचना-पावती
– उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी)
– व्यवसाय कराचं नोंदणी प्रमाणपत्र आणि चालू वर्ष भरल्याचं चलन (दुकानदाराला वर्षाला २,५०० रुपये)
– रद्द केलेला चेक, शक्यतो नाव छापलेला

बँकेबाबत विदर्भातल्या दुकानदारांनी एक गोष्ट आजच बघून घ्यावी. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. खेड्यातल्या पुष्कळ दुकानांची आणि बचत गटांची खाती तिथेच होती. जुन्या चेकवरचा आयएफएससी टाकून नोंदणी केलेली असेल तर शाखेत जाऊन खात्याचा आजचा तपशील लेखी घ्या आणि ज्या-ज्या कार्यालयात तुमची नोंद आहे तिथे अर्ज देऊन बदलून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका.

उद्यम नोंदणी फुकट आहे. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनने होते. सेतूवाला किंवा एजंट हजार रुपये मागत असेल तर ते त्याच्या टायपिंगचे आहेत, सरकारचे नाहीत. पण या नोंदणीचा फायदा कुणाला किती, हे नीट समजून घ्या. २ जुलै २०२१ च्या केंद्राच्या आदेशाने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं, ते प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. अनामत माफी किंवा उशिराच्या पेमेंटवरचं व्याज हे हक्क माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या लहान उद्योगांचे. तुमचं स्वतःचं वेल्डिंगचं शेड असेल, डेस्क आणि कपाटं तुम्हीच बनवत असाल, तर उद्यममध्ये 'उत्पादन' अशी नोंद झाली आहे का ते तपासा. घाईत एजंटने 'व्यापार' टाकलेला असेल तर हक्काचं संरक्षण एका चुकीच्या कोडमुळे हातचं जातं.

खाण्याचा माल देणाऱ्या बचत गटांना अन्न सुरक्षा नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो. धान्य-किराणा वजनाने देत असाल तर इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी लागते. त्या प्रमाणपत्राची प्रतही लिफाफ्यात असू द्या.

जीएसटी: नोंदणी आहे, नाही, की कंपोझिशन?

फक्त मालाची विक्री असेल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सेवांना ही मर्यादा २० लाख आहे. म्हणजे नोंदणी नसलेला दुकानदार सरकारी कार्यालयाला माल देऊच शकत नाही, असं कायदा म्हणत नाही. मात्र चौकशी पत्रातच नोंदणीची अट असेल तर ती पाळावी लागते. नोंदणी नसेल तर साध्या बिलावर कराची एक पैही दाखवायची नाही. "१८ टक्के धरून" असं लिहिलेलं विनानोंदणीचं बिल म्हणजे आक्षेपाला आमंत्रण.

सगळ्यात जास्त गोंधळ कंपोझिशनवाल्यांचा, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोपी योजना घेतलेल्यांचा, होतो. कंपोझिशनमध्ये असाल तर ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. तुम्ही टॅक्स इन्व्हॉइस देत नाही, 'बिल ऑफ सप्लाय' देता. त्याच्या डोक्यावर तुम्ही कंपोझिशन करदाते असून कर वसूल करायला पात्र नाही, हे वाक्य छापलेलं हवं. म्हणून दरपत्रकात 'जीएसटी जादा' लिहूच नका, दर एकरकमी द्या. लिहून बसलात आणि सगळ्यात कमी दर तुमचाच निघाला, तर आदेश कर धरून निघतो आणि बिल करताना रक्कम जुळत नाही.

नियमित नोंदणी असेल तर पोर्टलवर तुमची स्थिती 'ॲक्टिव्ह' दिसते का ते दरपत्रक देण्याआधी स्वतः बघा. विवरणपत्रं थकली की नोंदणी निलंबित होते आणि कार्यालयातला लेखा लिपिक हल्ली मोबाइलवरच ते तपासतो.

करांचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. वह्या, पेन्सिल, खोडरबर यांवर आता कर नाही. सायकल आणि शिलाई मशीन १२ वरून ५ टक्क्यांवर आली. लाकडी-लोखंडी फर्निचर १८ टक्क्यांत, बांबूचं फर्निचर ५ टक्क्यांत. जुनी दरपत्रकाची फाईल उघडून त्यातच तारीख बदलणाऱ्यांच्या बिलात अजून १२ टक्के निघतात. प्रत्येक वस्तूचा दर पुन्हा बघा आणि दरपत्रकाच्या खाली 'कर पुरवठ्याच्या दिवशीच्या प्रचलित दराने' ही ओळ टाका.

दरपत्रक असं लिहा

लेटरहेडवर, कार्यालयाच्या पदनामाला उद्देशून ('मा. सरपंच / सचिव, ग्रामपंचायत …', व्यक्तीच्या नावाने नाही), आणि सुरुवातीलाच चौकशी पत्राचा जावक क्रमांक व तारीख. चौकशी पत्रात वस्तूचं जे वर्णन आहे तेच शब्द उचला. त्यांनी 'लोखंडी कपाट, ७८ इंच, २० गेज' लिहिलं असेल तर तुमचंही तेच. तुमच्याकडे २२ गेजचं असेल तर स्पष्ट तसं लिहा. गप्प राहून पातळ पत्र्याचं कपाट पोचवलंत तर तपासणीत परत येईल आणि जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या गळ्यात पडेल.

दरात वाहतूक, चढ-उतार आणि जोडणी धरली आहे की नाही ते लिहा. आलापल्लीहून भामरागडला माल न्यायचं भाडं आणि वर्ध्याहून सेलूला न्यायचं भाडं एक नसतं. आदेश निघाल्यावर भाडं मागता येत नाही. पुरवठ्याची मुदतही डोळसपणे द्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि कार्यालयालाही. तरी '७ दिवसांत' लिहून दिलं असेल तर दंडाची कपात कागदावर बरोबरच ठरते. रस्ता खरोखर बंद झाला तर मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्या. संपल्यावर दिलेला अर्ज सबब समजला जातो.

किती दिवस दर लागू राहील तेही हवं. ६० किंवा ९० दिवस लिहिण्याची रीत आहे, पण लोखंडाचा भाव हलता असेल तर ३० लिहायला संकोच नको. खाडाखोड टाळा. झालीच तर शेजारी सही करा. रक्कम अंकात आणि अक्षरात द्या, दरपत्रक बंद लिफाफ्यात द्या आणि पोच घ्या.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. "तुमचंच कोटेशन पास करू, सोबत आणखी दोन कोटेशन तुम्हीच आणून द्या" ही पद्धत गावोगावी रुळली आहे. ती चूक आहे आणि धोक्याचीही. तीन दरपत्रकांवर एकच हस्ताक्षर, एकच टायपिंगची चूक, एकाच दिवसाची तारीख आणि दरांत ठरावीक शंभर-शंभराचा फरक, हे लेखापरीक्षकाला दोन मिनिटांत दिसतं. दुसऱ्याला आपलं लेटरहेड 'आधाराला' देणंही तसंच. तुमची सही असलेला तो कागद चौकशीत तुमच्याच नावाने बोलतो. आणि कोरं, सही केलेलं बिल कुणाच्याही हातात देऊ नका. त्यावर पुढे काय वस्तू लिहिल्या जातील आणि किती रकमेची, ते तुम्हाला चौकशीची नोटीस आल्यावर कळतं.

तारखांची रांग

फाईल उघडून बघणारा माणूस आधी तारखा बघतो. समजा, चोवीस डेस्कची खरेदी आहे. कागद या क्रमाने लागले पाहिजेत: चौकशी पत्र ३ तारखेचं, दरपत्रकं ५ ते १० मधली, तुलनात्मक तक्ता १२ चा, मासिक सभेचा ठराव किंवा प्रशासकीय मान्यता १५ ची, पुरवठा आदेश १७ चा, चालान आणि बिल २६ चं, साठा नोंदवहीतली नोंद २६ किंवा २७ ची, त्यानंतर पेमेंट. यातली एक तारीख मागे-पुढे झाली तर बाकी सगळं खरं असूनही फाईल संशयास्पद दिसते.

तुमच्या हातात यातल्या तीनच तारखा आहेत: दरपत्रकाची, चालानची आणि बिलाची. दरपत्रकावर चौकशी पत्राच्या आधीची तारीख नको. बिलावर आदेशाच्या आधीची तर मुळीच नको. जीएसटी कायद्याप्रमाणे माल निघताना किंवा त्याआधी बिल फाडावं लागतं. "बिल कोरं ठेवा, निधी आला की तारीख टाकू" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. तुमच्या बिलांचे क्रमांक सलग असतात. मार्चच्या बिलांच्या मधोमध ऑगस्टचं बिल घुसवता येत नाही.

याची किंमतही हिशोबात धरा. बिल ज्या महिन्याचं, त्याच महिन्याचा किंवा तिमाहीचा जीएसटी तुम्हाला भरावा लागतो, कार्यालयाने पैसे दिले असोत वा नसोत. मार्चमध्ये बिल फाडलं आणि पैसे ऑगस्टमध्ये आले, तर कर एप्रिलमध्ये तुमच्या खिशातून गेलेला असतो. डेस्कच्या दरात हे पाच महिने धरायचे की नाही, हे दरपत्रक लिहितानाच ठरवा.

पोचवणं आणि पोच

चालान तीन प्रतींत करा. एक कार्यालयाला, एक गाडीसोबत परत, एक तुमच्या फाईलला. चालानवर नुसती सही चालत नाही. घेणाऱ्याचं नाव, पदनाम, तारीख आणि गोल शिक्का हवा. शाळेचा शिपाई किंवा अंगणवाडीची मदतनीस यांनी घेतलेली पोच नंतर कुणी मानत नाही, म्हणून मुख्याध्यापक किंवा सेविका हजर असतील तोच दिवस फोनवर आधी ठरवून घ्या.

मालाचे फोटो जिथे पोचवला तिथेच काढा, जीपीएस कॅमेऱ्याने, ज्यात ठिकाण आणि तारीख दिसेल. डेस्कवर निधीचं आणि वर्षाचं नाव रंगवायची अट असेल तर फोटो रंगवल्यानंतरचा असावा. माल नागपूरहून आणत असाल आणि बिलाची रक्कम १ लाखावर असेल तर राज्यांतर्गतही ई-वे बिल (मालासोबत लागणारा वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं. राजनांदगाव किंवा आदिलाबादहून आणत असाल तर ही मर्यादा ५० हजार. पिकअप वाटेत तपासणीला अडकली तर मुदत त्या वेळी थांबत नाही.

माल उतरला म्हणजे काम झालं असं समजून दुकानदार परततो, आणि इथेच बिल थबकतं. वस्तू साठ्यात नोंदली गेल्याशिवाय बिल मंजूर होत नाही. ग्रामपंचायतीत वापरून संपणाऱ्या वस्तू नमुना १५ च्या साठा नोंदवहीत आणि टिकाऊ वस्तू नमुना १६ च्या जडवस्तू नोंदवहीत जातात. बिलाच्या मागे साधारण असा शेरा लागतो: 'वरील साहित्य आदेशाप्रमाणे चांगल्या स्थितीत मिळाले, साठा नोंदवही पान क्र. … वर नोंद घेतली.' खाली सही, शिक्का. पान क्रमांकाची जागा कोरी राहिली असेल तर तिथेच उभं राहून भरून घ्या. एवढ्या एका आकड्यासाठी बिल परत आलेली उदाहरणं कमी नाहीत.

बिल आणि कपाती

बिलात तुमचं नाव-पत्ता-जीएसटी क्रमांक, सलग बिल क्रमांक (१६ अक्षरांपेक्षा मोठा नको), तारीख, कार्यालयाचं पूर्ण पदनाम आणि पत्ता, वस्तूनिहाय एचएसएन कोड (जीएसटीतला मालाच्या प्रकाराचा क्रमांक), नग, दर, करपात्र रक्कम, सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे, अक्षरी रक्कम, सही. वर आदेशाचा क्रमांक आणि तारीख. वस्तूंचा क्रम आदेशात आहे तोच ठेवा, तपासणाऱ्याला सोपं जातं.

आकड्यात बघू. चोवीस डेस्क, प्रत्येकी ३,२०० रुपये: ७६,८००. त्यावर ९ टक्के सीजीएसटी ६,९१२ आणि तेवढाच एसजीएसटी. एकूण ९०,६२४. यात जीएसटीची टीडीएस कपात (पैसे देतानाच करापोटी कापली जाणारी रक्कम) होत नाही, कारण ती एका कराराची करपात्र रक्कम अडीच लाखांवर गेली तरच होते.

हाच आदेश २,८०,००० रुपयांचा असता तर? कर ५०,४००, बिल ३,३०,४००. कपात २ टक्के, पण ती करपात्र रकमेवर: ५,६००. खात्यात ३,२४,८०० येतात. दोन हप्त्यांत १,४०,००० ची दोन बिलं दिली तरी कपात होणारच, कारण मर्यादा कराराची आहे, बिलाची नाही. हे ५,६०० रुपये तुमचेच आहेत. कार्यालयाने जीएसटीआर-७ हे कपातीचं विवरणपत्र भरलं की ते पोर्टलवर 'टीडीएस अँड टीसीएस क्रेडिट रिसीव्हड' या ठिकाणी दिसतात. तिथे स्वीकार करून सादर केलं की रक्कम तुमच्या रोख खातेवहीत येते आणि पुढचा कर भरायला वापरता येते. स्वीकारच केला नाही म्हणून वर्षानुवर्षं पैसे तसेच पडून असलेले दुकानदार आहेत. कर सल्लागाराला एकदा विचारून बघा.

आयकराचा टीडीएस वेगळा. नुसत्या माल विक्रीवर तो सहसा लागत नाही. काम, वाहतूक, भोजन पुरवठा, उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर अशा कंत्राटांवर लागतो: एका वेळी ३० हजारांवर किंवा वर्षात मिळून १ लाखावर रक्कम गेली की व्यक्तीला १ टक्का, फर्म किंवा कंपनीला २ टक्के. टँकरचं ४५,००० चं बिल असेल तर ४५० कापले जातील. पॅन दिला नाही तर थेट २० टक्के. बांधकामाचं काम असेल तर १ टक्का कामगार कल्याण उपकर कापला जातो आणि मुरूम-गिट्टीच्या रॉयल्टीचे पास मागितले जातात. पास नसतील तर रॉयल्टी तुमच्या बिलातून वळती होते.

५,००० रुपयांवरची रक्कम मिळाल्याची पावती देताना १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करावी लागते. दुकानात तिकिटांचा एक ताव ठेवा. तालुक्याला ऐन वेळी ते मिळत नाही.

ग्रामपंचायतीला माल देताना

वित्त आयोगाच्या निधीतून खर्च असेल तर तुमची नोंद ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशोबाच्या पोर्टलवर पुरवठादार म्हणून व्हावी लागते आणि पेमेंट सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) डिजिटल सहीने जातं. चेक मिळेल या आशेवर राहू नका. त्या निधीचा काही भाग बंधित असतो, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेपुरता. डेस्क त्यातून घेता येत नाहीत. म्हणून आदेशात लेखाशीर्ष किंवा निधीचं नाव आहे का ते वाचा, नसेल तर लिहून मागा.

अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या) पेसाचा अबंध निधी ग्रामसभा कोषाच्या खात्यातून खर्च होतो. तिथे ग्रामसभेचा ठराव लागतो, मासिक सभेचा नाही. ठरावाची सत्यप्रत आदेशाबरोबरच मागून घ्या.

दुकान ग्रामपंचायत सदस्याचं असेल, किंवा सदस्याचा त्यात भागीदारीने, आडून का होईना, हितसंबंध असेल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ खाली तो सदस्य अपात्र ठरू शकतो. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि गावात विरोधक ती करायला टपलेलेच असतात. घरातलं कुणी निवडून आलं असेल तर त्या ग्रामपंचायतीला माल देणं त्या पाच वर्षांत बंद ठेवा, शेजारच्या गावांना द्या.

वैयक्तिक लाभाच्या पुष्कळ योजनांत आता वस्तू वाटल्या जात नाहीत, पैसे लाभार्थ्याच्या खात्यात जातात. तो तुमच्याकडे येऊन शिलाई मशीन विकत घेतो. अशा वेळी बिल लाभार्थ्याच्याच नावाने, आधारवरच्या नावाबरहुकूम फाडा. नवऱ्याच्या नावाने फाडलेल्या बिलावर बाईचं अनुदान अडकतं.

जेमवर असाल तर

केंद्राचं जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ, २०१६ पासून सुरू आहे आणि राज्यानेही ते स्वीकारलं आहे. तिथे नाव नोंदवताना पुरवठ्याचे जिल्हे विचारपूर्वक निवडा. अख्खा महाराष्ट्र टिक केला तर पालघरहून दोन खुर्च्यांची ऑर्डर येते आणि नाकारली की पोर्टलवरचं तुमचं गुणांकन घसरतं. माल पोचवल्यावर पोर्टलवर पोच नोंदवा. त्यानंतर घेणारा आधी तात्पुरती पोच आणि मग स्वीकृती प्रमाणपत्र काढतो, ज्यासाठी त्याला १० दिवस असतात. पैसे देण्याची मुदत त्या प्रमाणपत्रापासून सुरू होते. प्राथमिक आरोग्य केंद्राला नेट नाही म्हणून ते निघालं नाही, असं बरेचदा होतं. माल घेऊन जाल तेव्हाच तिथल्या लिपिकाला फोनवरून लॉगिन करायला लावा.

ई-निविदेला तृतीय श्रेणीची डिजिटल सही लागते. तिची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. निविदेच्या शेवटच्या दिवशी मुदत संपलेली निघाली तर काहीही करता येत नाही.

पैसे थांबले तर

आधी फाईल कुठे आहे ते शोधा: तुमच्याच कागदात त्रुटी, मंजुरी बाकी, की निधीच नाही. त्रुटी तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा आणि एकाच फेरीत सगळ्या पूर्ण करा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर नव्या खरेदीच्या प्रस्तावांवर वित्त विभाग बहुतेक वर्षी निर्बंध आणतो, आणि आचारसंहिता लागली की नवे आदेश थांबतात. म्हणून जानेवारीतच आदेश आणि पुरवठा उरकलेला बरा. ३१ मार्चला निधी परत गेला तर तेच बिल पुढच्या वर्षाच्या तरतुदीची वाट बघतं.

एक महिना झाल्यावर स्मरणपत्र द्या, आदेश, चालान आणि बिलाच्या प्रती जोडून, आवक शिक्क्यासह. तरी हललं नाही तर माहिती अधिकारात विचारा: माझं बिल क्रमांक अमुक कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होतं, त्यावरचे शेरे आणि निधीची स्थिती. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत. या अर्जाने पुष्कळदा उत्तराच्या आधी पेमेंटच येतं.

टक्केवारी मागितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. हे सात दिवस लक्षात ठेवा.

तुम्ही उत्पादक किंवा सेवा देणारे सूक्ष्म अथवा लघु उद्योग असाल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. दावा ऑनलाइन सुलभता परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेकडे, जातो. तिथे लागतात तेच कागद: आदेश, पदनाम आणि शिक्क्याची पोच, तारखेचं बिल, आवक शिक्क्याची स्मरणपत्रं. त्यामुळे ही फाईल वर्ष संपलं म्हणून माळ्यावर टाकू नका. जीएसटीच्या नियमाने हिशोबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि लेखापरीक्षक तीन-चार वर्षांनी गावात येतो तेव्हा चालानची तुमची प्रत हीच कधी कधी एकमेव शिल्लक असते.